दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब शनिवारी घरी येत आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

घाटातल्या अपघातानंतर अडीच महिने रुग्णालयात काढून आपले काका, काकू आणि त्यांची लेक शनिवारी सकाळी ११ च्या सुमारास घरी येत आहेत. काका अजून उठून बसू शकत नाहीत. काकूंच्या हातात सळई आहे. लेक चालते, पण जोरात हॉर्न वाजला की भिंतीला धरून उभी राहते. म्हणून कृपया आवारात हॉर्न अजिबात वाजवू नका.

• शनिवारी १० ते १२ लिफ्ट आणि उताराची जागा मोकळी ठेवा. स्ट्रेचर आत न्यायचे आहे.

• पहिले १५ दिवस भेटायला जाऊ नका. नंतर संध्याकाळी ५ ते ६, एका वेळी दोघेच. सर्दी-खोकला असेल तर मुळीच नको. आणि अपघात कसा झाला, हे विचारू नका. सांगून सांगून ती माणसे थकली आहेत.

• डब्याची वही वॉचमनकडे आहे. कमी तिखट, डाळ-उसळ जास्त. मंगळवार आणि शुक्रवार रिकामे आहेत.

• पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काकांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. काकू एका हाताने ते करू शकणार नाहीत. रात्री येऊ शकणाऱ्यांनी आजच नाव द्यावे.

• नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करण्याचा नियम आहे. सभासदांपैकी कोणी वकील असल्यास लगेच मला भेटा.

– सचिव