ही वाक्ये मार्क ट्वेन यांची नव्हेत

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यांची वचने म्हणून जी चौकट छापली आहे, त्यातली पहिली दोन वाक्ये त्यांची नाहीतच. ‘सत्य जोडे घालेपर्यंत असत्य जग फिरून येते’ हे लंडनचे धर्मोपदेशक स्पर्जन यांनी १८५५ च्या प्रवचनात सांगितले, तेही ‘जुनी म्हण’ असे म्हणूनच. तेव्हा ट्वेन विशीतही नव्हते. ‘वीस वर्षांनी न केलेल्या गोष्टींचीच हळहळ वाटेल’ हे अमेरिकन लेखक एच. जॅक्सन ब्राउन यांनी १९९० च्या सुमारास आपल्या आईचे बोल म्हणून छापले. ट्वेन १९१० मध्येच गेले.

तिसऱ्या, ‘माझ्या मृत्यूची बातमी फारच अतिशयोक्त होती’ या वाक्याची मोडतोड झाली आहे. १८९७ मध्ये लंडनला त्यांचे एक नातलग आजारी पडले आणि ट्वेनच अत्यवस्थ असल्याची वार्ता पसरली. विचारायला आलेल्या बातमीदाराला त्यांनी लिहून दिले ते एवढेच, की माझ्या मृत्यूची बातमी अतिशयोक्त होती. ‘फारच’ हा शब्द मागाहून चिकटला आणि त्यानेच वाक्याची धार गेली.

हे तपासणे अवघड नाही. वचनाखाली पुस्तक, प्रकरण किंवा पत्राची तारीख नसेल तर छापण्याआधी थांबावे. ट्वेन यांची खरी वचने बरीचशी ‘पुडनहेड विल्सन’ (१८९४) आणि ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) यांत प्रकरणांच्या माथ्यावर आहेत. दोन्ही पुस्तके नेटवर फुकट मिळतात. शोधताना अख्खे वाक्य टाकू नये, शब्द तोंडोतोंडी बदलतात. त्यातले दोन-तीन वेगळे शब्द टाकावेत. तिथे नसेल तर बर्कली विद्यापीठाच्या मार्क ट्वेन प्रकल्पात त्यांची पत्रे आहेत. तिथेही नाही आणि छापील उल्लेख १९१० नंतरचेच, तर वाक्य सरळ गाळावे. ‘लाजेने लाल होणारा प्राणी एकच, माणूस. तशी गरजही त्यालाच’ हे अस्सल वचन हाताशी असताना उसनी वाक्ये कशाला?

आणि फोटोखालची ओळ! १८९६ मध्ये मुंबईत ट्वेन ‘ताज’मध्ये उतरले म्हणे. ताज उघडले १९०३ मध्ये. ते उतरले होते काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. तिथल्या कावळ्यांवर त्यांनी ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये भरभरून लिहिले आहे. ती इमारत आजही उभी आहे. दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत यावी.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे