डेडवूडच्या लेखात लीड का वगळले?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला डेडवूडवरचा पानभर लेख वाचला. पर्यटनाचाच लेख आहे, सोडून द्यावे, असे काल दिवसभर मनाला समजावले; पण राहवत नाही. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या त्या एवढ्याशा गावातले लेखकाने काही म्हणून सोडलेले नाही. सलूनमध्ये पत्ते खेळताना मारला गेलेला नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक, त्याच्या हातातले एक्के-अठ्ठे, माउंट मोरिया दफनभूमीत त्याच्या शेजारी पुरलेली कॅलॅमिटी जेन, मेन स्ट्रीटवरचे कॅसिनो, सगळे आले. तासाभरावरचे माउंट रशमोरही आले. आणि डेडवूडपासून जेमतेम पाच किलोमीटरवर असलेल्या लीड गावाचा एका शब्दानेही उल्लेख नाही!

लीडला होमस्टेक ही सोन्याची खाण आहे. १८७६ साली तिथे सोने सापडले आणि २००२ पर्यंत ते निघत राहिले. खाण जवळपास अडीच किलोमीटर खोल गेली. पण मी चिडलो आहे तो सोन्यासाठी नव्हे. याच खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खाली, रेमंड डेव्हिस या रसायनशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक टाकी बसवली आणि तीत ड्राय-क्लीनिंगला वापरतात तो द्रव भरला, पावणेचार लाख लिटरहून अधिक. सूर्यातून येणारा न्यूट्रिनो, म्हणजे बहुतेक सगळ्यातून आरपार निघून जाणारा अतिसूक्ष्म कण, क्वचित त्यातल्या क्लोरीनच्या एखाद्या अणूवर आदळतो आणि त्याचा आर्गॉन होतो. एवढ्या द्रवातून असे मोजके अणू वेचून काढायचे, हा तो प्रयोग. गणिताने सांगितले होते त्याच्या एक तृतीयांशच न्यूट्रिनो त्यांना सापडले. वर्षानुवर्षे लोक म्हणत राहिले की, मोजणीत चूक आहे. मोजणी बरोबर होती. न्यूट्रिनो वाटेतच आपला प्रकार बदलतात, हे पुढे इतर प्रयोगांतून सिद्ध झाले. डेव्हिस यांना नोबेल मिळाले ते २००२ साली, वयाच्या ८८व्या वर्षी. खाण बंद झाली त्याच वर्षी. पानभर लेखात याला चार ओळी मिळू नयेत?

माझा राग जुना आहे, हेही सांगतो. मुलीकडे डेन्व्हरला गेलो असताना आम्ही एका सहल कंपनीच्या बसने ब्लॅक हिल्स, म्हणजे डेडवूड-लीडच्या भोवतालचे डोंगर, पाहायला गेलो. बस लीडमधून, त्या उघड्या खाणीच्या बाजूनेच गेली. मी उठून मार्गदर्शकाला विनंती केली, दहा मिनिटे थांबा. तो म्हणाला, तिथे एक मोठा खड्डा आहे, बाकी काही नाही, शिवाय उशीर होतोय. उशीर कशाला होत होता? कॅसिनोला. तिथे आमची अख्खी दुपार गेली. ज्यांना खेळायचे नव्हते ते आम्ही चार-पाच ज्येष्ठ नागरिक फुटपाथवर बसून होतो. आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवले, ती जागा काचेतून सरकताना पाहिली आणि तशीच मागे पडली. शेवटी दुसऱ्या खेपेला जावयांनी गाडी काढून नेले, म्हणून दर्शन घडले.

खाणीच्या काठावरच अभ्यागत केंद्र आहे. साडेतीनशे मीटरहून खोल, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली ती खाण समोर दिसते. केंद्राच्या फेरीत येट्स शाफ्टचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीचे, पाळणे वर-खाली करणारे अवाढव्य ड्रम पाहिले. माणसे आजही त्याच शाफ्टमधून खाली कामाला जातात, कारण खाली आता प्रयोगशाळा आहे. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून १३०० किलोमीटर जमिनीखालून न्यूट्रिनोंचा झोत इथे यायचा आहे. त्यासाठीच्या गुहा २०२४ मध्ये खोदून झाल्या. त्या झोतासाठी फर्मीलॅबमध्ये जो नवा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, उभा राहतो आहे, त्याचे भाग बनवण्यात आपले ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्रही आहे. म्हणजे तुमच्या मुंबईच्या वाचकाचा डेडवूडच्या परिसराशी खराखुरा संबंध आहे तो लीडमध्ये, आणि लेखात नेमके तेच नाही.

खरे तर संबंध याहून जुना आहे. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जवळपास २३०० मीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद जगात सर्वांत आधी प्रसिद्ध केली. कोलार २००१ मध्ये बंद झाले आणि खालची दालने पाण्यात गेली. होमस्टेकचेही पंप २००३ मध्ये बंद केले होते, तिथेही पाणी चढत होते. पण राज्य सरकारने खाण ताब्यात घेतली, एका दानशूराने सात कोटी डॉलर दिले, पाणी उपसले आणि विज्ञान पुन्हा सुरू झाले. त्या काठावर उभा असताना कोलारच्या आठवणीने माझा जीव तळमळला. आजही तळमळतो.

एक दुरुस्तीही करा. हिकॉकचा मारेकरी जॅक मकॉल 'निर्दोष सुटला' एवढ्यावरच लेख थांबतो. त्याला सोडले ते डेडवूडच्या खाणकामगारांच्या पंचांनी. तो निवाडा टिकला नाही, कारण ते गावच बेकायदा होते. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्स तिथल्या मूळ रहिवासी लकोटा लोकांचे होते. यँक्टन या गावी पुन्हा खटला चालून १८७७ मध्ये मकॉल फाशी गेला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन गैरमार्गाने घेतल्याचे मान्य करून भरपाई ठरवली, ती लकोटांनी आजवर घेतलेली नाही. त्यांना डोंगर परत हवे आहेत. अशा जागेची सहल सांगताना त्यांचे नावही न घेणे मला पटत नाही.

आणि विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, आपले विज्ञानाचे साप्ताहिक पान का बंद केले? त्या जागी राशिभविष्य दुप्पट झाले आहे. मी याबद्दल आधीही पत्र पाठवले होते, ते छापले नाही आणि उत्तरही आले नाही. ते पान असते, तर कुणा सहसंपादकाला लीड नक्की आठवले असते.

पुढच्या रविवारी निदान एक चौकट द्यावी. अमेरिकेतल्या मुलांकडे जाणारे पुष्कळ आईवडील तुमची पुरवणी कापून सोबत नेतात. त्यांना एवढे कळू द्या की डेडवूडहून लीड दहा मिनिटांवर आहे, सर्वसामान्यांना खाली जाता येत नाही पण काठावरचे केंद्र पाहता येते, आणि सहलीच्या बसचे पैसे भरण्याआधी ती लीडला थांबते का, हे विचारून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली