शुल्त्से म्हणजे पाटीलच, बाबा

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की मी लग्न करणार तो फेलिक्स शुल्त्से, पोरगा चांगला आहे ते कळलं, पण हे शुल्त्से म्हणजे नेमके कोण, कुठल्या घरातले. मी तेव्हा ऑफिसात होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. आईला वाचून दाखवा.

शुल्त्से म्हणजे गावचा पाटील. तुम्हाला बरं वाटावं म्हणून जुळवून सांगत नाहीये, खरंच तसं आहे. मूळ शब्द शुल्तहाइस, ज्याचं जे देणं असेल ते भरायला लावणारा. गावचा सारा गोळा करून जमिनीच्या मालकाकडे पोचवायचा, बांधावरची भांडणं मिटवायची, चार जाणत्यांना घेऊन न्यायाला बसायचं, ही त्याची कामं.

फेलिक्सचं गाव जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग शहराच्या पूर्वेला, फ्लेमिंग नावाच्या भागात. बाराव्या शतकात तिथे स्लाव लोकांच्या वस्त्या होत्या, बाकी बरंचसं जंगल आणि दलदल. मॅग्डेबर्गचा आर्चबिशप विखमान यानं ११५९ च्या सुमारास फ्लँडर्सकडचे, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे, शेतकरी आणून या मुलखात वसवले, फ्लेमिंग हे नावही त्यांच्यावरूनच पडलंय. आता एवढी माणसं आणायची, जमीन मोजून वाटायची, हे काम एका माणसावर सोपवायचे, त्याला लोकाटोर म्हणायचे आणि गाव उभं राहिलं की बहुतेकदा तोच तिथला शुल्त्से व्हायचा, तेही वंशपरंपरेनं. मोबदला म्हणून थोडी जमीन बिनसाऱ्याची आणि दंडाचे जे पैसे जमतील त्यातला तिसरा हिस्सा. वर बऱ्याच ठिकाणी लढाईच्या वेळी मालकाला घोडा पुरवायची जबाबदारीही त्याच्यावरच. आपल्याकडच्या वतनाची सनद वाचतोय असं वाटतं ना?

याचं एक चित्र आहे, ते मी फेलिक्सच्या वडिलांकडच्या पुस्तकात पाहिलं आणि कितीतरी वेळ त्याच्यावरच खिळून राहिले. साक्सनश्पीगल नावाचा कायद्याचा जुना ग्रंथ आहे, आयके फॉन रेपगो नावाच्या माणसानं १२२० नंतरच्या काळात लिहिलेला, त्याची चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची एक सचित्र प्रत हायडेलबर्गला आहे. त्यात एका बाजूला मालक एका माणसाच्या हातात शिक्का लावलेला कागद देतोय आणि त्या माणसाच्या डोक्यावर टोपी आहे. शेजारी बाकीची माणसं कुऱ्हाडीनं झाडं तोडतायत, घरं बांधतायत. खाली तोच टोपीवाला न्याय द्यायला बसलाय. हा माणूस कोण हे त्या टोपीवरूनच ओळखायचं. मला एकदम आपल्या आजोबांचा चावडीपुढचा फेट्यातला फोटो आठवला.

गावागावात एक शुल्त्से, त्यामुळे आडनाव सगळीकडे आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक अजिबात नाहीत. आपल्याकडे मराठ्यांत पाटील, आगऱ्यांत पाटील, लिंगायतांत आणि जैनांतही पाटील, तसंच. प्रांताप्रमाणे रूपही बदलतं, इकडे शुल्त्से, वेस्टफालियात शुल्टे, सिलेशियात शोल्त्स. ते २०२१ ते २०२५ जर्मनीचे चॅन्सेलर होते ना, ओलाफ शोल्त्स, त्यांचं आडनाव याच शब्दाचं रूप. पोलंडमध्ये तर आजही गावच्या मुख्याला सोल्टिस म्हणतात, तो शब्द इथूनच गेला. आणि शिकलेली मंडळी जुन्या काळी आडनावाचं लॅटिन करून घ्यायची, म्हणून मिखाएल प्रेटोरियस हा मोठा संगीतकार, १५७१ चा जन्म, तोसुद्धा मूळचा शुल्त्सेच! स्पेलिंगचं तर विचारूच नका, चर्चच्या नोंदवहीत फेलिक्सच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव एका पानावर टी घालून आणि पुढच्या पानावर टी न घालता लिहिलंय, पाद्री जसं ऐकेल तसं लिहायचा. १८७६ पासून सगळ्या जर्मनीत सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा कुठे ते एकदाचं पक्कं होत गेलं.

बाबा, तुमच्या मनाला लागेल ती गोष्ट आता. प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्यात, १८७२ च्या कायद्यानं ही वंशपरंपरेची शुल्त्सेकी बंद केली. आपली पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, म्हणजे नव्वद वर्षांचा फरक. आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षं दप्तर उघडून बसायचे असं तुम्ही सांगायचात. फेलिक्सच्या आजोबांकडे मान नव्हता पण जमीन होती, तीही १९६० मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारनं सामुदायिक शेतीत घालायला लावली. त्यांच्या घरात हा विषय निघाला की सगळे थोडा वेळ गप्प होतात, आपल्या घरात होतात तसेच. म्हणून मला ही माणसं परकी वाटत नाहीत. अधिकार गेला, जमीन गेली आणि आडनाव तेवढं हाती राहिलं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना तुमच्याशी काय बोलायचं हे शिकवावं लागणार नाही.

आता लग्नानंतरच्या नावाचं. आई, तू विचारत होतीस ना. फेलिक्सच्या आजीला पर्यायच नव्हता, जुन्या पश्चिम जर्मनीत तर १९७६ पर्यंत कायद्यानंच बायकोनं नवऱ्याचं आडनाव लावायचं होतं. आता १ मे २०२५ पासून दोघांनाही जोडआडनाव घेता येतं, नवऱ्यालासुद्धा. आम्ही पाटील-शुल्त्से घ्यायचं ठरवलंय, दोघांनीही. पाटील आधी हे फेलिक्सनंच सुचवलं, मी हट्ट केला नाही. पुढे मूल झालं तर त्यालाही हेच लागेल.

फेलिक्सच्या वडिलांना तुमच्याशी बोलायचंय बाबा, रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करू. त्यांना विचारायचंय की पाटलाला इनाम किती असायचं, बैलपोळ्याला आणि होळीला पाटलाचा मान आधी का, आणि कुलकर्णी म्हणजे कोण. मी भाषांतर करेन. आजोबांच्या पेटीतली ती मोडी कागदं काढून ठेवा, कॅमेऱ्यापुढे धरता येतील. आणि आई, तू पण बस समोर, त्यांच्या बायकोला पुरणपोळी कशी करतात ते ऐकायचंय.

तुमची,
सुमी