घरगुती कृती छापताना मापही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती औषधे आणि प्रसाधनांच्या कृतींचे एक अख्खे पान आले आहे. उटणे, शिकेकाई, कोरफडीचे मलम, बाळगुटी, चेहरा उजळण्यासाठी लिंबू आणि सोडा, असे सगळे एकाच ठिकाणी. लेखामागचा हेतू चांगला आहे आणि त्यातले निम्मे तर मी स्वतः घरी करते. पण त्या पानावर एकाही कृतीला धड माप नाही, वस्तू किती दिवस टिकते ते नाही, आणि कोणी वापरू नये हे तर कुठेच नाही. म्हणून लिहिते आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे, तरी वाडीतल्या बाळंतिणी अजून माझ्याकडेच विचारायला येतात, आणि येताना हल्ली पेपरचे कात्रण किंवा मोबाइल घेऊन येतात.

आधी चांगले ते सांगते. आमच्याकडे मे महिन्यात आमसुले झाली की कोकमाच्या बिया उरतात. त्या धुऊन कडकडीत वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा, कुटायचा आणि भरपूर पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगते. ते अलगद काढून घ्यायचे, पुन्हा गरम करून त्यातले उरलेसुरले पाणी आटवायचे आणि थिजायला लागले की मुठीत दाबून गोळे करायचे. हे मुठेल. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. मळकट पांढरा, मेणासारखा हा गोळा उन्हाळ्यातसुद्धा सहसा वितळत नाही. थंडीत टाचा फुटल्या की त्याचा एक तुकडा पळीत घेऊन पातळ करायचा, सोसेल इतका कोमट झाला की भेगेत सोडायचा आणि वर सुती मोजे घालून झोपायचे. कापणीच्या दिवसांत रक्त येईपर्यंत फुटलेल्या टाचा मुठेलाने भरून आलेल्या मी पाहिल्या आहेत. मात्र ज्याला मधुमेह आहे आणि पायाची जाणीव कमी झाली आहे, त्याने गरम मुठेल पायावर सोडू नये. चटका बसला तरी त्याला कळत नाही, आणि ती जखम पुढे चिघळते. पायाला भेग पडली की अशा माणसाने थेट दवाखान्यात जावे.

मुठेल वर्षभर टिकते, कारण त्यात पाणी राहिलेले नसते. जिथे पाणी आले तिथे बुरशी आणि जंतू आलेच. आपल्या पानावर कोरफडीचा गर खोबरेलात घोटून 'बरणीत भरून ठेवा आणि महिनाभर वापरा' असे छापले आहे. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. तो फ्रीजमध्ये ठेवला तरी दोन-तीन दिवसांत वापरून टाकायचा, उरला तर फेकायचा. शिवाय पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो आधी पूर्ण निथळू द्यावा लागतो, नाहीतर अंगाला खाज सुटते. आमच्या आया पान कापून भिंतीला टेकवून उभे करून ठेवत आणि मगच सोलत. कृती छापणाऱ्याने नेमके हेच गाळले.

शिकेकाईबद्दल फार तक्रार नाही. ती दळायची गिरणी वेगळी असते, मिक्सरमध्ये केली तर घरभर शिंका होतात, हे ज्याने त्याने अनुभवावे. रिठा मात्र बेताने घालावा आणि लहान मुलांचे डोके धुताना डोळे जपावेत. रिठ्याच्या पाण्याने डोळे नुसते चुरचुरत नाहीत, लालभडक होऊन सुजतात.

लिंबू आणि सोड्याच्या कृतीने मला खरोखर राग आला. आपली कातडी किंचित आंबट असते, तिचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आंबट) साधारण ५ असतो. लिंबाचा रस २ च्या आसपास आणि खायचा सोडा ८ च्या वर. दोन्ही आळीपाळीने चोळले की वरचा राखणदार थर निघतो. कातडी तकतकीत दिसते ती सोलवटल्यामुळे. त्यात लिंबाचा रस लावून उन्हात गेले की कातडी अक्षरशः भाजते. लिंबाच्या रसात आणि सालीत असे घटक असतात की ज्यांच्यावर ऊन पडले की लाली येते, फोड येतात आणि मागे काळपट डाग राहतात. आमच्या शेजारच्या एका मुलीने लग्न ठरल्यावर हाच लेप लावला आणि तशीच गच्चीत कुरडया घालायला गेली. गालावर ओघळांचे पट्टे उमटले. ते पुसट व्हायला कित्येक महिने लागले आणि लग्नाच्या फोटोत ते दिसतात. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य आपल्या पानावर तीन वेळा आले आहे. कातडीवर फोड आणणारा बिब्बाही नैसर्गिकच आहे.

आता बाळगुटी. पूर्वी गुटी सहाणेवर उगाळत. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, एकेक कांडी घ्यायची आणि आईच्या दुधात वळसे द्यायचे. कशाचे किती वळसे हे बाळाच्या वयावर आणि पोटावर ठरे. जायफळाचा अर्धाच वळसा, तोही रोज नाही. वळसा म्हणजेच माप. एका वळशाला सहाणेवर जेमतेम डाग उतरतो. आपल्या पानावर लिहिले आहे की सगळे जिन्नस मिक्सरमधून काढा आणि चिमूट चिमूट मधातून चाटवा. एका चिमटीत किती वळसे गेले याचा हिशेब कोणी केला का? जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते, आणि घरचे म्हणतात, बघा कसे शांत झोपले. वेखंडातल्या तेलातही असा घटक आहे की अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी केली.

आणि मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. मधात बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचे काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शौचाला होत नाही, रडणे क्षीण होते, मान टाकते, दूध ओढत नाही. मध शुद्ध आहे, जंगलातला आहे, घरच्या पेटीतला आहे, याने काही फरक पडत नाही, आणि घरी उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. 'नर्सबाई, आम्ही सगळे मधावरच वाढलो, मग यालाच का नको?' हे मी किती सासवांकडून ऐकले असेल. प्रत्येक वेळी ओसरीवर बसून समजावले आहे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीही नाही, हे घराघरांत रुजवण्यात आमच्या सगळ्या जणींची अख्खी नोकरी खर्ची पडली. एका रविवारच्या पानाने ते उखडू नका.

माझा घरगुती उपायांना विरोध आहे असे कोणी समजू नये. मी पाहिलेले सगळ्यात मोठे औषध घरगुतीच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा कालवून लोकांना पाजले. शंभरातली तीसेक माणसे जात होती, ती चाराच्या खाली आली. घरी करायचे झाले तर आम्ही शिकवत असू: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावरचा ढीग बोटाने सारून सपाट कसा करायचा हे प्रत्येक आईकडून करून घेत असू, कारण मीठ जास्त झाले तर तेच पाणी बाळाला घातक ठरते. 'थोडे मीठ, थोडी साखर' एवढेच सांगितले असते तर हे औषधच राहिले नसते.

आणखी एक. हल्ली गावोगावच्या बायका घरी केलेले साबण आणि मलमे विकायलाही लागल्या आहेत. त्याचे मला कौतुक आहे. पण घरात वापरणे वेगळे आणि विकणे वेगळे. विकण्यासाठी प्रसाधने करायची तर परवाना लागतो, वेष्टनावर घटक आणि मुदत लिहावी लागते. 'घरबसल्या कमवा' असे छापताना ही माहितीही दिली असती तर पुढे त्या बायकांची फजिती टळली असती.

माझी विनंती एवढीच की दिवाळीची पुरवणी काढण्याआधी तिच्यातल्या कृती एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला, बालरोगतज्ज्ञाला आणि जाणत्या वैद्याला दाखवा. कृती कशी छापावी याचा नमुना म्हणून आमच्या घरच्या उटण्याची देते:

मसूर डाळीचे पीठ दोन वाट्या, आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि कपूरकाचरी यांची पूड प्रत्येकी दोन चमचे, सावलीत वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड चार चमचे. सगळे वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरावे. ओला चमचा घालू नये. दूध किंवा पाणी आंघोळीच्या वेळीच, लागेल तेवढ्याच उटण्यात मिसळावे, कालवलेले उरले तर टाकून द्यावे. कोरडे उटणे तीन-चार महिने चांगले राहते, कुबट वास आला तर वापरू नये. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. वर्षाच्या आतल्या बाळाला, इसब किंवा जखम असलेल्या कातडीला आणि डोळ्यांभोवती लावू नये.

जागा कमी पडली तर माझे बाकीचे पत्र कापा, उटण्याच्या कृतीतले एकही वाक्य कापू नका.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. लांजा, जि. रत्नागिरी