सांगाड्याच्या प्रेमात पडण्याआधी

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि लाकडी घराच्या किटचा कॅटलॉग, दोन्ही मिळालं. पानोपानी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि कळलं, तू मनाने त्या घरात राहायलाही गेला आहेस! तेव्हा आधी कौतुक करतो, मग कुरकुर.

सांगाडा उभा राहताना बघण्यात खरंच मौज आहे. प्रत्येक खांबावर, तुळईवर क्रमांक असतो आणि नकाशावरही तोच. खाचा कारखान्यातच यंत्राने कापलेल्या असल्यामुळे जागेवर करवत फारशी लागत नाही. आमची छपराची कैची चढली, तेव्हा आमचा जुना सुतार जरा खट्टूच झाला होता. त्याच्या हाताला कामच उरलं नव्हतं. ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत सिअर्स कंपनीने १९०८ ते १९४० या काळात अशी सुमारे ७०,००० घरं कॅटलॉगवरून विकली. सामान रेल्वेच्या डब्यातून यायचं आणि बरेच जण स्वतःच घर उभारायचे.

पाया मात्र किटमध्ये येत नाही, तो गवंडी घालतो. लाकूड मिलिमीटरच्या हिशेबाने कापलेलं आणि पाया दोन बोटं तिरका, असं झालं तर सगळी अचूकता मातीमोल. ट्रक येण्याआधी पायाचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का बघ आणि लेव्हल तपासून घे.

आता कुरकुर. कॅटलॉगवाले ‘ऊर्जाबचत करणारं घर’ म्हणतात आणि फोटो मात्र सांगाड्याचा छापतात. अरे, सांगाडा ऊर्जा वाचवत नाही! काँक्रीटमधून लाकडाच्या दहापटीहून अधिक उष्णता जाते, हे खरंच आहे. पण खनिज लोकर किंवा सेल्युलोजसारखं इन्सुलेशन, म्हणजे भिंतीत भरायचं उष्णतारोधक, लाकडापेक्षाही साधारण तिप्पट चांगलं. म्हणजे इन्सुलेशन भरलेल्या भिंतीत प्रत्येक उभा खांब हीच उष्णतेची पळवाट ठरते. म्हणून खांबांच्या बाहेरून इन्सुलेशनचा एक सलग थर हवा. किटमध्ये तो आहे का, हे आधी विचार.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हवेची. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, वायरमनने पाडलेली भोकं, भिंत आणि छप्पर भेटतात तो सांधा, इथूनच उष्णतेची ये-जा होते. कारखान्यात कितीही अचूक कापलं, तरी या फटी टेपने बंद करायचं काम जागेवरच होतं आणि ते कंटाळवाणं असतं. ते नीट झालंय का, हे कळायला ब्लोअर डोअर चाचणी असते: दारात पंखा बसवून आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवायचा आणि हवा किती गळते ते मोजायचं. अगदी कमी ऊर्जेवर चालणाऱ्या घरांसाठी जर्मनीतून आलेल्या पॅसिव्ह हाऊस मानकात त्या दाबाला तासाभरात घरातली हवा ०.६ पटीहून जास्त बदलता कामा नये. तू एवढं कडक मानक गाठलंच पाहिजेस असं नाही, पण चाचणी आतले बोर्ड ठोकण्याआधी घे. नंतर गळती सापडूनही हात पोहोचत नाही. आणि घर इतकं बंद केलंस की ताजी हवा आत घेणारी यंत्रणा लागतेच. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवणारी मिळाली तर उत्तम.

भिंतीत वाफ शिरू न देणाऱ्या बाष्परोधक पडद्याबाबत हवामान बघितल्याशिवाय कुणाचंच ऐकू नकोस. थंड प्रदेशात तो आतल्या, उबदार बाजूला लावतात. दमट, उष्ण ठिकाणी एसी चालणाऱ्या घरात तो तिथेच लावला, तर भिंतीच्या पोटात पाणी साचेल.

तुझी कुजण्याची भीती रास्त आहे, पण लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं राहिलं तर बुरशी सहसा लागत नाही. वळचण लांब ठेव, जोतं उंच ठेव. वाळवीची माती चढली तर दिसली पाहिजे. आगीचं म्हणशील, तर जाड तुळई मिनिटाला जेमतेम ०.७ मिलिमीटर जळते आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाला जपतो. पातळ खांबांना मात्र जिप्सम बोर्डाचं कवच लागतंच.

ॲडव्हान्स देण्याआधी कंपनीकडून भिंतीच्या उभ्या छेदाचा नकाशा मागव, म्हणजे आतले सगळे थर दिसतील: पाया, खिडकी आणि छप्पर यांच्या सांध्यांसकट. रंगीत चित्रं नकोत. द्यायला टाळाटाळ करू लागले, तर मला लगेच कळव. दिलाच, तर पुढच्या पत्रासोबत पाठव.

तुझा,
विनय