आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी गाडी

पुणे,
१२ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलेत की जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने आपल्या मारुती ८००चे ५५ हजार देऊ केले आहेत आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्या आता सरकार उचलून नेणार आहे, असेही तो म्हणतो. तुमच्या आवाजातली काळजी मला जाणवली. फोनवर घाईघाईने उत्तर देण्यापेक्षा सगळे नीट लिहावे आणि तुम्ही दोघांनी ते सावकाश वाचावे, म्हणून हे पत्र.

गाडी जप्त होईल ही धास्ती आधी मनातून काढून टाका. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांच्या ज्या निर्बंधाविषयी तुम्ही बातम्यांत ऐकता, तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनी संपते आणि पुढे गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आपली गाडी एप्रिल २००४ची. तुम्ही २०१९ साली ६०० रुपये आणि २०२४ साली ५,००० रुपये शुल्क भरून वेळच्या वेळी रीपासिंग करून घेतलेत, त्यामुळे तिची आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, एप्रिल २०२९पर्यंत पक्की आहे. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये झाले आहे, पण तो प्रश्न २०२९ सालचा. तेव्हा कोणाच्या भीती घालण्यामुळे आपण गाडी विकणार नाही. तरीही ती आता विकावी असे मला वाटते, आणि त्याचे कारण आई आहे.

दिवाळीत आपण गुहागरात व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलो, तेव्हा तुम्ही गाडी लावून मागच्या दारांची बटणे दाबलेली आहेत ना ते पाहत होतात आणि मी आईच्या बाजूला उभी होते. तिने आधी दोन्ही पाय उचलून बाहेर ठेवले, डावा हात दाराच्या कडेला धरला, उजवा सीटवर रोवला, दोनदा पुढे झोका घेतला आणि तिसऱ्या खेपेला उठली. उठल्यावर टपाची कड धरून ती तशीच थांबली. मी पाहते आहे हे लक्षात येताच तिने पदर सारखा केला आणि देवळाकडे चालू लागली. आई, तू याबद्दल एक शब्दही बोलली नाहीस, म्हणूनच मला बोलावे लागते आहे. सीटवर गोधडीची घडी घालून बसायचा तुझा उपायही मी पाहिला. त्याने बैठक चार बोटे उंच होते खरी, पण डोके टपाला लागते आणि पट्टा पोटावर चढतो. ती गाडीच बुटकी आहे, तिला तू किंवा बाबा काय करणार? डॉक्टरांकडे चिपळूणला जायचे म्हणजे पंचेचाळीस-एक किलोमीटर गुडघे दुमडून बसायचे आणि उतरताना पुन्हा ही कसरत. या कारणाने तू दोन तपासण्या पुढे ढकलल्यास, हे मला आत्याने सांगितले.

बाबा, गाडी तुम्हाला किती जवळची आहे ते मी जाणते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्या गेल्याची हकिगत तुम्हीच मला किती वेळा सांगितली आहे. त्यानंतर वीस वर्षे वाट पाहून, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून तुम्ही ती घरी आणलीत. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे ते छोटे इंजिन आजही एकदा किल्ली फिरवताच सुरू होते, यात कारखान्याइतकाच तुमच्या हाताचा वाटा आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा पाच-सात वर्षांत सडतो. गुहागरात तिच्या वयाच्या बहुतेक गाड्या दारांच्या खालच्या कडेला आणि पाय ठेवण्याच्या जागेला भोके पडून भंगारात गेल्या. तुम्ही दर पावसाळ्यानंतर खालची लाल माती गोड्या पाण्याने धुऊन काढलीत, दरवाजातली पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी ठेवलीत, बॅटरीखालचा पत्रा दोनदा घासून रंगवलात. टायमिंग बेल्ट तुटायची वाट न पाहता बदललात. गेल्या वर्षी पेट्रोलचा बारीक वास येताच रबराचे पाइप नवे घातलेत, तेही योग्यच झाले, कारण आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विचार त्या काळच्या रबरात केलेलाच नव्हता.

आणि ती वही. पहिल्या दिवसापासून भरलेले प्रत्येक पेट्रोल, त्याची तारीख, लिटर, भाव आणि काट्यावरचे किलोमीटर, सगळे तुमच्या अक्षरात. दिवाळीत मी शेवटचा आकडा पाहिला, ८७,४६०. जुन्या गाडीच्या बाजारात काटा मागे फिरवलेला असेल अशी शंका प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात असते. आपल्या गाडीविषयी ती कोणी घेऊच शकणार नाही. म्हणून तिची किंमत सांगताना संकोच करू नका.

मात्र ती त्या व्यापाऱ्याला देऊ नका. तो ५५ हजार देतो, पण मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर तुमच्या कोऱ्या सह्या मागतो आणि "नावावर नंतर करून घेऊ" म्हणतो. याच "नंतर"चा अनुभव मी घेतला आहे. २०११ साली मी माझी स्कूटर अशाच कोऱ्या सह्यांवर एका दुकानदाराला विकली आणि तीन वर्षांनी, ती कोणाच्या हातात आहे हे मला ठाऊकही नसताना, तिच्या अपघाताची चौकशी करत पोलीस माझ्या दारात आले. तेव्हा कोणाला गंभीर इजा झाली नव्हती म्हणून निभावले. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून तेव्हा कळवले नव्हते. कायद्याच्या लेखी आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, आणि गाडी विकली पण नाव बदलले नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. या वयात तुमच्यामागे कोर्टकचेरीचा घोर लागावा, इतके त्या जास्तीच्या दहा हजारांचे मोल नाही.

त्यापेक्षा तुमच्या जुन्या विद्यार्थ्याने, त्या रोपवाटिकावाल्या मुलाने, ४५ हजार सांगितले आहेत, त्यालाच द्या. तो तुमच्याबरोबर तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीच्या आरटीओत यायला तयार आहे, हीच माझ्या मते मोठी गोष्ट. उच्च सुरक्षा नंबरपाटी तुम्ही मुदतीत बसवून घेतली आहे, त्यामुळे त्या बाजूने अडणार नाही. जाण्याआधी ऑनलाइन काही दंड बाकी दिसतो का ते मी येथून पाहते. पैसे हातात आल्यावर गाडी सोपवल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, कारण त्या क्षणानंतर झालेल्या गोष्टींना तोच कागद साक्षीदार. विमा कंपनीला कळवून आपला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या गाडीसाठी राखून घ्या, तो तुमचा आहे, गाडीबरोबर जात नाही. आणि २०२९ साली १०,००० शुल्क भरावे लागेल, पाठीमागचा डावा शॉक ॲब्सॉर्बर थकला आहे, हे त्याला आधीच सांगा. तुम्ही सांगालच, मला ठाऊक आहे.

आता नवी गाडी, म्हणजे आपल्यासाठी नवी. वर्षाला अडीच-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराने शोरूममधून गाडी घेऊन पहिल्या तीन वर्षांची घसरण सोसावी असे मला वाटत नाही. मी वापरलेली वॅगन आर सुचवते. तिची बैठक उंच आहे, दार मोठे उघडते, आणि कमरेतून न वाकता सरळ बसता येते. गाडी जुलै २०१९ नंतर बनलेलीच हवी, यावर मी अडून बसणार आहे, कारण १ जुलै २०१९पासून चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. आपल्या ८००मध्ये यातले काहीच नाही, आणि गेली एकवीस वर्षे मी तो विचार मनाआड केला, याचे मला वाईट वाटते. तरी वॅगन आरदेखील फार भक्कम नाही. गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३च्या चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. म्हणून ती गुहागर, शृंगारतळी आणि चिपळूणपुरती. पुण्याला यायचे तर मी गाडी पाठवीन, महामार्गावर तुम्ही स्वतः चालवत येऊ नका.

गाडी मी घाटावरची पाहते आहे. किनाऱ्यावरची जुनी गाडी वरून कितीही चकाकली तरी खालून खाल्लेली असते. शिवाय २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये कितीतरी नव्या-जुन्या गाड्या बुडाल्या, आणि आपल्याला हव्या त्याच वयाच्या गाड्या त्यांत असणार. अशी गाडी धुऊनपुसून विकायला आली तर ओळखायची कशी, ते येथल्या माझ्या मिस्त्रीने मला दाखवले. सीटचा पट्टा शेवटपर्यंत खेचून काढायचा. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची कड दिसली की समजायचे. मग पायाखालचा गालिचा उचलून बोटाने चाचपायचे आणि सीटच्या रुळांचे स्क्रू गंजले आहेत का ते पाहायचे. गेल्या रविवारी मी एक गाडी पाहिली, चांदीच्या रंगाची, देखणी, भावही बरा, पण पट्टा खेचला तर शेवटी पिवळट रेघ होती. मी काही न बोलता परत आले.

इंजिन गार असतानाच सुरू करून पाहायचे. आपण पोहोचण्याआधी कोणी ते गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर बदलायचा खर्च भावातून वजा करायचा. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलेला हवा, मालक पहिलाच हवा, आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या हव्यात. सीएनजीची गाडी स्वस्तात मिळाली तरी नको, सिलिंडरने डिकी भरून जाते आणि आईचे नारळ मग मांडीवर घ्यावे लागतील. क्लचशिवायच्या गाडीचाही मी विचार केला होता, पण तिचे काम आपल्या गॅरेजवाल्याच्या हातचे नाही, आणि बाबा, तुमच्या पायाला क्लचची सवय पक्की आहे. साडेतीन लाखांपर्यंत आपण जाऊ. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्यांचे भाव उतरले आहेत, तेव्हा जुन्यांचे भावही कोणी गेल्या वर्षीचे सांगू नयेत. तुमचे ४५ हजार त्यात घाला, बाकीचे मी घालते. यावर कृपा करून वाद घालू नका.

एक विनंती थोड्या भीतभीत करते. लायसन्सचे नूतनीकरण या मे महिन्यात येते. वैद्यकीय दाखला घेताना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे डोळे नेहमीच्या डॉक्टरांकडूनच मनापासून तपासून घ्या, नुसता शिक्का नको. आणि तपासणीत काहीही निघो, दिवेलागणीनंतर गाडी काढू नका.

आई, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघे इकडे या. मी दोन-तीन गाड्या निवडून ठेवते. पैसे देण्याआधी प्रत्येक गाडीत तू स्वतः तीनदा बसायचेस आणि तीनदा उतरायचेस, कोणाचा हात न धरता, आणि दुखले तर दुखले म्हणायचेस. तू "चालेल" म्हणालीस तर मी ती गाडी घेणार नाही, "बरी आहे" म्हणालीस तरच घेईन.

बाबा, वही गाडीबरोबर देऊ नका. त्या मुलाला तिची झेरॉक्स करून द्या, त्याला गाडीचा इतिहास कळेल. मूळ वहीत अजून चाळीसेक पाने कोरी आहेत, मी मोजली आहेत. नव्या गाडीचे पहिले पेट्रोल त्यातच लिहा.

तुमची लेक