हार्वर्डजवळचे एक जुने घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे बोस्टनला जाणाऱ्या आपल्याकडच्या आई-वडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो. हार्वर्डला जायचे, तिथल्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढायचा की झाले. मीही मागच्या खेपेला तेच केले. यंदा मुलगी मेडफर्ड गावात ‘रॉयल हाउस’ पाहायला घेऊन गेली. रॉयल हे मालकाचे आडनाव.

घर तीन मजली, जॉर्जियन शैलीचे. खिडक्या मापून बसवलेल्या, वर जावे तशा लहान होत गेलेल्या. एका बाजूची भिंत चिरेबंदी वाटली म्हणून हात लावला, तर ते लाकूड निघाले! फळ्या कोरून दगडाचा भास आणला आहे. आणि तिथून जेमतेम ३५ फुटांवर, त्याच आवारात, गुलामांना ठेवण्याची इमारत. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत अशी दुसरी स्वतंत्र इमारत आज उभी असल्याचे माहीत नाही.

आयझॅक रॉयल हा अँटिग्वा बेटावर उसाच्या मळ्यांतून गबर झालेला. १७३२ मध्ये त्याने ही जागा घेतली आणि १७३७ मध्ये कुटुंबासह २७ गुलाम घेऊन राहायला आला. त्याच नावाच्या त्याच्या मुलाने घर आणखी वाढवले. अमेरिकन क्रांतीचे युद्ध पेटायच्या तीनच दिवस आधी, १७७५ मध्ये, तो घर सोडून गेला आणि पुढे इंग्लंडमध्ये वारला. त्याने मृत्युपत्राने हार्वर्डला दिलेल्या जमिनीतून १८१५ मध्ये कायद्याचे अध्यासन उभे राहिले. त्याच्या घराण्याच्या चिन्हातल्या गव्हाच्या तीन पेंढ्या तिथल्या लॉ स्कूलच्या मानचिन्हावर होत्या. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर २०१६ मध्ये त्या काढल्या.

या घरात राबलेल्या बेलिंडाने १७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. पन्नास वर्षे राबले, ही संपत्ती माझ्याही कष्टांची आहे, मला आणि माझ्या आजारी मुलीला पोटापुरते द्या, असे तिचे मागणे. अर्जावर सहीच्या जागी फुलीची खूण. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, पण पैसे नियमित मिळेनात. १७९३ पर्यंत ती पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली. हे ऐकून मला तिथून हलवेना.

हे घर गावकऱ्यांच्या संस्थेने १९०८ मध्ये विकत घेऊन जपले, तेव्हा कौतुक मालकांच्या थाटाचे होते. गुलामांच्या इमारतीचा उल्लेख वास्तूच्या नावात आला तो या शतकात. आता आवारात राबलेल्या साठाहून अधिक माणसांची माहिती सांगतात.

आपल्या वाड्यांत चौक, कारंजी, दिवाणखाना यांचे वर्णन होते. पण कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. त्यांतली नावे शोधून वाड्यांतल्या माहितीफलकांवर लिहावीत, अशी पुरातत्त्व खात्याला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे